तिसऱ्या पंगतीची शांतता

डॉक्टर इक्बाल शिकलगार मिरजेहून पहिल्यांदा कोल्हापुरातल्या घरी आले, तेव्हा रोहिणी मगदूमनं त्यांना दारातच सांगितलं, "त्या शांततेबद्दल विचारायला आला असाल, तर आजवर सांगितलंय तेवढंच आहे. नवीन काही नाही."

डॉक्टर हसले. "विचारायला नाही, मॅडम. दाखवायला आलोय."

त्या शांततेचा तिला खरोखरच कंटाळा आला होता. 'तिसरी पंगत' हा चित्रपट आला तेव्हा ती पस्तिशीची होती, आता साठीला टेकली होती. मधल्या काळात तिनं कितीतरी चित्रपटांना पार्श्वसंगीत दिलं, त्यातलं काही तिच्या मते जास्त चांगलं होतं. पण भीतीच्या चित्रपटांचा विषय निघाला की लोक फिरून तिथंच यायचे. गावाकडचं लग्न. दोन पंगती उठतात, तिन्हीसांजेला तिसरी बसते. वाढपी भाताची बादली घेऊन वाढत जातो आणि त्याच्या लक्षात येतं, की पानं संपतच नाहीत. पुढंही पानं आहेत, पानांवर माणसं आहेत, आणि त्यातलं एकही ओळखीचं नाही. त्याच क्षणी भुरके, आग्रह, भांड्यांचा आवाज, सगळं बंद पडतं. पडद्यावर कुणी किंचाळत नाही, काही उडी मारून येत नाही. नुसती शांतता. तेवढ्यानंच थिएटरातली माणसं खुर्चीचे हात घट्ट धरायची.

तिची करामत एवढीच होती, की त्याच्या पुष्कळ आधीपासून जेवणाच्या आवाजाखाली तिनं एका जुन्या पेटीचा नुसता भाता हलवत ठेवला होता. सूर एकही दाबलेला नाही. फक्त वारा, आत आणि बाहेर. तो ऐकू येतोय हे कुणाला कळायचंही नाही. थांबला की मात्र कळायचं. कुणाचा तरी श्वास बंद पडलाय असं वाटायचं, आणि तो कुणाचा ते कळायचं नाही. दिग्दर्शक सुभाष आवटी तेव्हा म्हणाला होता, "भीती आपण कुठनं आणायची? प्रेक्षक घेऊनच येतो. आपण नुसता दिवा मालवायचा." सुभाष जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

डॉक्टर पूर्वी कानाचे डॉक्टर होते. नुकत्या जन्मलेल्या बाळांना ऐकू येतं का, ते तपासायचे. आता त्यांचं स्वतःचं यंत्र होतं आणि त्याभोवती मोठी कंपनी उभी राहिली होती. त्यांनी खिशातून बोराएवढी मऊ गोळी काढून टेबलावर ठेवली. कर्णिका. रोहिणीनं ती पाहिलेली होती. थिएटरांनी भिंतीतले स्पीकर काढून टाकले त्याला चारेक वर्षं झाली होती. पडदा सगळ्यांना एकच, आवाज ज्याचा त्याच्या कानात.

"कान नुसता ऐकतो असं आपल्याला वाटतं," डॉक्टर म्हणाले. "तो स्वतःही अगदी बारीक आवाज करत असतो. आतल्या पेशी आलेला आवाज मोठा करण्यासाठी थरथरतात, त्यातला थोडा बाहेर येतो. बाळांची तपासणी आम्ही त्यावरच करायचो. बाळाला विचारता येत नाही, पण कान उत्तर देतो."

"आणि मोठ्यांचा?"

"मोठ्यांचा जास्त देतो. कारण कानाकडून मेंदूकडं जशा नसा जातात, तशा मेंदूकडून कानाकडंही येतात. मेंदू एखाद्या आवाजाची वाट बघत असला, की कानाला आधीच सांगून ठेवतो, तयार राहा. त्याबरोबर कानाचा आवाज बदलतो. कर्णिका तो बदल वाचते. मग ती मुद्दाम, लक्षातही येणार नाहीत इतके हलके आवाज कानात सोडते. दार, पाऊल, पाणी, घंटी. ज्याला कान दचकतो तो धरून ठेवते, आणि घासूनपुसून मोठा करत जाते. चित्रपट अर्धा होईपर्यंत तिला कळलेलं असतं, की हा माणूस मनातून कशाला घाबरतो."

"म्हणजे माझ्या शांततेच्या जागी..."

"प्रत्येकाला त्याचं त्याचं काहीतरी ऐकू येईल. चित्रपट जुना, भीती ताजी. पण संगीतकाराच्या परवानगीशिवाय जुन्या चित्रपटाच्या आवाजाला हात लावता येत नाही. कायदा आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तर चित्रपट कपाटात राहील. जुना आवाज वाजवणारं थिएटर आता उरलंय कुठं?"

एवढ्यात भरतेश चहा आणि चिवडा घेऊन आला. रोहिणीचा नवरा साखर कारखान्यात केमिस्ट होता. निवृत्त झाल्यापासून, आणि खरं म्हणजे ती आजारी पडल्यापासून, घराचा ताबा त्यानं घेतला होता. "चाचणीला माणसं लागत असतील तर माझा कान घ्या की, डॉक्टर," तो म्हणाला. "नाहीतरी हिचं ऐकण्यापलीकडं त्याला काम नाही."

डॉक्टर मोठ्यानं हसले. रोहिणी हसली नाही. हा विनोद तिनं पूर्वीही ऐकला होता.

दोन वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघरात पडली होती. मेंदूत गुठळी. डावा हात बरेच महिने लुळा होता, मग हळूहळू परत आला. पण भरतेश काही पूर्वीसारखा झाला नाही. तो तिच्या गोळ्या मोजून देई, रक्तदाब लिहून ठेवी, ती न्हाणीघरात गेली की बाहेर काहीतरी पुसत उभा राही. दिवसभर थट्टा करी. कुणी आलं की पडण्याची गोष्ट रंगवून सांगे. "पातेलं पडलं आणि मी जो उठलो, तो पेपरसुद्धा खाली ठेवला नाही. हातात पेपर घेऊनच धावलो." लोक हसत. पेशंट होऊन राहण्याचा तिला वीट आला होता. त्याच्या सततच्या आनंदी चेहऱ्याचाही.

चाचणीसाठी मिरजेला दोघं गेली. छोट्या अंधाऱ्या खोलीत वेगवेगळ्या वेळी बसून दोघांनी 'तिसरी पंगत' पाहिला. भरतेश बाहेर आला तो घाम पुसत. "छान आहे यंत्र," एवढंच म्हणाला, आणि समोरच्या टपरीवर नारळपाणी प्यायला गेला.

रोहिणीला मात्र नवीन काहीच ऐकू आलं नव्हतं.

"तुमचा कान कशाचीच वाट बघत नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

"थकलाय तो."

"उजव्याच्या बाबतीत मी हेच म्हटलं असतं." त्यांनी पडद्यावरच्या दोन रेषा दाखवल्या. उजवी बारीक हलत होती, डावी सरळ होती. "डाव्याला वरून सूचनाच पोचत नाहीये. तुमचा आजार मला माहीत आहे, पण त्यात हा भाग नव्हता. हे मेंदूच्या मागच्या बाजूला आहे आणि नवीन दिसतंय. अलीकडं चक्कर येते?"

"नाही," ती म्हणाली.

येत होती. पावसाळ्यापासून येत होती. जमीन डावीकडं कलायची, आणि ती ओट्याला धरून उभी राहायची. भरतेशची पाठ असेल तेव्हा यावी एवढीच तिची इच्छा असायची.

"मेंदूचा स्कॅन करून घ्या. या आठवड्यात," डॉक्टर म्हणाले. "थांबू नका."

"यांना सांगू नका."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायला पाहिजे."

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालली होती आणि भरतेश उसाच्या शेतांकडं बघत गप्प बसला होता. तो इतका वेळ गप्प कधी बसत नसे. सांगावं, असं तिला एकदा वाटलं. पण सांगितलं की पुन्हा सगळं सुरू. पुन्हा गोळ्यांचे डबे, पुन्हा न्हाणीघराबाहेरचं पुसणं. स्वयंपाकघर तिला आत्ता कुठं परत मिळालं होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

स्कॅनचं पुढं काही झालं नाही. डॉक्टरांचे दोन फोन तिनं घेतले नाहीत.

मग मंजुरीसाठी नमुने आले. चाचणीला बसलेल्या माणसांसाठी कर्णिकेनं त्या शांततेच्या जागी काय काय भरलं, त्याचे तुकडे. कुणाचं नाव नव्हतं. रोहिणी मागच्या खोलीत, तिच्या जुन्या स्टुडिओत, दुपारी ऐकायला बसली.

पहिल्यात दारापाशी येऊन थांबणारी स्कूटर होती. इंजिन बंद, किल्लीचा आवाज, जिन्यावर जड पावलं. ऐकणारं कुणीतरी लहानपणी त्या पावलांना घाबरत असणार. दुसऱ्यात विहिरीवरचा पंप कोरडा चालत होता. तिसऱ्यात बाळ रडायचं थांबलं होतं, आणि थांबलेलंच राहिलं. कामात कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. चाळीस वर्षं या धंद्यात राहिलेल्या बाईला ते कळत होतं. आणि ऐकताना ती पुन्हा पुन्हा मागं टेकत होती, कुणाच्या तरी उघड्या कपाटात डोकावल्यासारखं होऊन.

चौथ्या तुकड्यात पातेलं पडलं.

फरशीवर पडून ते घरंगळलं, काठावर गोल गोल फिरलं, फेऱ्या लहान होत गेल्या आणि ते बसलं. पातेलं यंत्रानं बनवलेलं होतं, त्यांच्या घरातल्याहून जरा जाडसर वाजलं. तरी तिला शंका उरली नाही. तो आवाज तिनंही ऐकला होता, फरशीवर पडल्या पडल्या, पलीकडून.

मग काहीच नाही. "काही नाही, पातेलं पडलं," असं म्हणणारा आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता. ऐकणारा त्याची वाट बघत होता. रोहिणीलाही वाट बघावी लागली. ते संपेना. तिच्या धंद्यात एवढी लांब शांतता कुणी ठेवत नाही, प्रेक्षक उठून जातो. बऱ्याच वेळानं कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. पेपर नीट घडी करून ठेवल्याचा. मग खुर्ची करकरली, आणि तुकडा संपला.

तिनं तो पुन्हा लावला नाही.

तो धावला नव्हता. पातेलं पडलेलं त्यानं ऐकलं होतं आणि तो बसून राहिला होता, ती बोलेल म्हणून. बहुधा बातमी संपवत. किती वेळ, ते आता कुणाला कळणार नव्हतं, त्यालाही नाही. भीतीत वेळ ताणला जातो. तेव्हा इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आणलं असतं तर हात लवकर परत आला असता. त्यानंतरच बहुतेक ती गोष्ट तयार झाली होती, हातात पेपर घेऊन धावण्याची. आणि तो ती भेटेल त्याला सांगत सुटला होता.

तिला राग येईल असं तिला वाटलं. राग आला नाही. फार वर्षं एका ओझ्याची एक बाजू धरून चालावं, आणि दुसऱ्या बाजूलाही कुणीतरी आहे हे तेव्हा कळावं, तसं काहीतरी झालं. बाहेर भरतेश कढईत फोडणी टाकत होता. सूर्य मावळायच्या आत त्यांच्याकडं जेवणं होत. "भाजीत मीठ घातलंयस का गं?" त्यानं विचारलं.

"घातलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनंच डॉक्टरांना फोन केला.

"चौथा तुकडा मी ऐकायला नको होता."

डॉक्टरांना कळायला क्षणभर लागलं. "नावं काढली होती आम्ही, मॅडम."

"घरच्या माणसाला नाव लागत नाही. मला एक सांगा. तुमचे हे चित्रपट बघून लोक बाहेर आल्यावर काय करतात?"

"घरी जातात."

"एकमेकांशी बोलतात?"

"फारसं नाही. गप्प असतात. परिणाम खोल होतो."

"आमच्या वेळी थिएटरच्या बाहेर चहाच्या गाड्यावर तासभर गर्दी असायची. वाढप्याच्या मागं कोण होतं, यावर भांडायची माणसं. सगळ्यांना एकच गोष्ट दिसलेली, एकच ऐकू आलेली. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी चारजण यायचे. आता काय बोलणार? मला माझ्या बापाची स्कूटर ऐकू आली, असं कोण कुणाला सांगणार?"

"मग तुमचा नकार समजू का?"

"नाही. माझी शांतता तुम्ही काढताय तर काढा. पण एकदा माझ्या पद्धतीनं लावून बघा. भाता थांबला की कर्णिका बंद करायची नाही, उघडायची. बाहेरचं सगळं कानात येऊ द्या. खुर्च्या, माणसं, सगळं."

"सभागृहाचा आवाज?"

"त्या वेळी लोक तेच ऐकत होते, डॉक्टर. मी काही केलं नव्हतं. शेजारच्या तीनशे माणसांनी श्वास धरलाय, हे ऐकून ते घाबरत होते."

"भीतीचे आकडे कमी येतील," डॉक्टर म्हणाले.

"येऊ द्यात."

खेळ कोल्हापुरातच लावला, दुपारचा. सभागृह भरलं होतं. निम्मी तरुण मुलं, निम्मे असे, ज्यांनी तो पूर्वी पाहिला होता. भरतेश तिच्या उजवीकडं बसला. डाव्या कानावर आता तिचा भरवसा नव्हता; तो नीट ऐकू यावा म्हणून तिनंच त्याला तिथं बसवलं, पण तसं सांगितलं नाही.

पंगत बसली. भाता सुरू झाला. ती सोडून कुणाच्या लक्षात आला नाही. वाढपी चालत राहिला, पानं संपेनात. आणि भाता थांबला.

आधी वाईटच झालं. सगळ्यांच्या कानात एकदम सभागृह उघडलं आणि मागं कुणाला तरी उचकी लागली. पाच-दहा जण फिसकन हसले. रोहिणीनं मनात म्हटलं, संपलं. पण हसू ओसरल्यावर जी जागा उरली ती तिच्या अपेक्षेपेक्षा मोठी होती. कुणाची बांगडी सरकली आणि थांबली. कुणी आवंढा गिळला. मग कुणीच काही केलं नाही. इतकी माणसं एका अंधारात, आणि प्रत्येकाला ऐकू येत होतं, की बाकीचे हललेले नाहीत. उजवीकडं भरतेशचा श्वास कधीचा थांबला होता. तो पुढं वाकून बसला होता आणि वाट बघत होता.

पडद्यावर बादली आपटली. सभागृह ओरडलं, आणि लगेच स्वतःलाच हसलं. भरतेश हसला नाही. त्यानं श्वास सोडला, तो बराच वेळ सुटत होता.

बाहेर व्हरांड्यात माणसं रेंगाळली. उचकी कुणाची होती, यावर एक घोळका वाद घालत होता. डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले. चेहरा पडलेला नव्हता, पण उजळलेलाही नव्हता. "आकडे निम्म्यानं कमी आहेत, मॅडम. मला स्वतःला आवडलं. पण कंपनी हे चालवणार नाही."

"तुमचं चालवा," ती म्हणाली. "मी सही करते. फक्त माझं नाव काढा."

तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाद घालायला लागणारी ताकद तिला दुसरीकडं हवी होती. डॉक्टर गेल्यावर ती व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसली. भरतेश समोर उभा राहिला. "चहा घेऊया का? की घरी जाऊन जेवायचंच? ऊन उतरलंय."

"बसा जरा. मला चक्कर येते."

"आत्ता?"

"आत्ता नाही. पावसाळ्यापासून. डॉक्टरांच्या यंत्रात डाव्या कानाचं काहीतरी दिसलंय. ते स्कॅन करा म्हणाले होते. मी केला नाही."

थट्टा करायला त्याचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. तो तिच्या शेजारी बसला. उन्हात त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. असा तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"पावसाळ्यापासून," तो म्हणाला. "आणि मला हाक नाही मारलीस?"

तुम्ही तरी कुठं लगेच उठलात, हे तिच्या ओठांवर आलं होतं. एकदा बोलली असती, तर ते आयुष्यभर ऐकवायची मुभा तिला मिळाली असती. ती बोलली नाही. त्या वेळीही नाही, पुढंही कधी नाही.

"तुम्ही दमलाय असं वाटलं," ती म्हणाली.

"दमलोय," तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "फार दमलोय गं."

स्कॅन सोमवारी झाला. तंत्रज्ञ मुलीनं तिला अरुंद फळीवर झोपवलं, डोक्याला पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं आणि हातात रबरी फुगा दिला. "मोठा आवाज होतो, मॅडम. घाबरायचं नाही. अगदीच नको वाटलं तर हा दाबा."

"मला आवाजाची सवय आहे," रोहिणी म्हणाली.

फळी आत सरकली. यंत्र ठोके देऊ लागलं. आधी तिनं सवयीनं लय मोजायचा प्रयत्न केला. मग लय तुटली, दुसरीच सुरू झाली, तीही मध्येच थांबली. पुढं काय येणार ते तिला सांगता येईना. डोळ्यांपासून वीतभर वर पांढरं छत होतं. या नळीच्या बाहेर एक रिपोर्ट तयार होत होता आणि त्यात काय असेल याची तिला कल्पना नव्हती. छातीत काहीतरी धडधडत होतं. तिनं ते ओळखायला वेळ घेतला, कारण ओळख फार जुनी झाली होती. तिला भीती वाटत होती.

तिनं फुगा दाबला.

ठोके थांबले. "काय होतंय, मॅडम? थोडंच राहिलंय."

"माझ्या मिस्टरांना आत घेता येईल का?"

बाहेर थोडी कुजबुज झाली. खिशात काही आहे का, पट्टा काढा, घड्याळ काढा, अंगठी निघत नसेल तर साबण लावा. मग दार उघडलं. त्याची पावलं आली, मोज्यांतली, फरशीवर सावकाश. खुर्ची सरकली.

"मी आहे हं," भरतेश म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, धीरही फारसा नव्हता. "मलापण भीती वाटायला लागलीय."

"वाटू दे," ती म्हणाली.

त्याचा हात तिच्या पावलावर आला आणि तिथंच राहिला. साबणानं अजून ओला होता. यंत्र पुन्हा सुरू झालं.